काचेपलीकडचे खरे

मराठीत 'गोष्ट' या शब्दाला दोन घरे आहेत. आजी रात्री नातवंडांना सांगते ती गोष्ट, आणि 'अमुक एक गोष्ट घडली' असे आपण म्हणतो तीही गोष्टच. कल्पनेने रचलेले आणि प्रत्यक्ष घडलेले या दोहोंना आपल्या भाषेने एकच नाव दिले, आणि तरीही शतकानुशतके कुणाची फसगत झाली नाही. कारण कोणती गोष्ट कोणत्या घरातली, हे सांगणाऱ्याच्या आवाजावरून, वेळेवरून, चेहऱ्यावरून ऐकणाऱ्याला कळत असे. 'आटपाट नगर' हे शब्द कानी पडले की मूल उंबरठा ओलांडून कल्पनेच्या ओसरीवर जाऊन बसे आणि गोष्ट संपली की त्याच उंबरठ्यावरून परत येई.

घरात दूरचित्रवाणी आली आणि हा उंबरठा पुसट झाला. एकाच काचेवर पूरग्रस्तांचा आक्रोश दिसतो, मालिकेतल्या सुनेचा आक्रोश दिसतो आणि डोकेदुखीच्या गोळीसाठी केलेला आक्रोशही दिसतो. मोठ्या माणसाला यांतला फरक कळतो, निदान कळतो असे त्याला वाटते. त्याच्या मांडीवर बसलेले मूल मात्र वर बघून विचारते, ''हे खरं आहे का?'' आणि आपण, स्वयंपाकघरातून किंवा वर्तमानपत्राआडून, उत्तर देतो, ''नाही रे, सगळं खोटं असतं ते.'' मग साडेसातला बातम्या लागतात आणि त्याच खोट्या काचेसमोर वडील गंभीर चेहऱ्याने बसतात. मुलाने काय समजावे?

आमचे म्हणणे इतकेच आहे, की मुलाचा तो प्रश्न दिसायला एक असला तरी वयागणिक त्याच्या पोटात निरनिराळे प्रश्न असतात. त्या सर्वांना 'खोटं असतं ते' हे एकच उत्तर देणे म्हणजे ताप असो की खरचटलेले असो, एकाच बाटलीतले औषध पाजणे होय.

अगदी लहान मुलाचा प्रश्न साधा असतो: हे त्या पेटीत आहे का? १९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल व त्यांचे सहकारी यांनी छोट्या मुलांना पडद्यावर मक्याच्या लाह्यांनी भरलेले भांडे दाखवले आणि विचारले, हा संच उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांच्या मुलांपैकी अनेकांनी सांडतील असे सांगितले. चार वर्षांची मुले मात्र नाही म्हणाली. अवघ्या एका वर्षात मूल केवढी मजल मारते! ज्यांच्या घरी जुना, मागे फुगलेला संच होता त्यांना आठवत असेल, की रांगणारे पोर त्याच्या पाठीमागे जाऊन माणसे कुठून शिरतात हे शोधत असे. आमच्या भागातील अनेक कुटुंबांची मुले आखातात किंवा कॅनडात आहेत. तिकडची नातवंडे आता भ्रमणध्वनीच्या काचेत आजीला बघतात, आणि आपल्या हातातले बिस्किट त्या काचेला लावून आजीला भरवू पाहतात. आजीही इकडे तोंड उघडते. ती आजी खरी आहे, ती त्याचे नाव घेते, त्याच्या प्रश्नाला उत्तर देते. त्याच काचेतला मोटू किंवा पतलू उत्तर देत नाही. आजच्या बाळाला हा भेदही स्वतःच शिकावा लागतो, आणि तो त्याच्या आईवडिलांना कधी शिकावा लागला नव्हता.

पुढच्या वयाचा प्रश्न वेगळा असतो: हे कुठे तरी घडले, की कुणी करून दाखवले? पाचसहा वर्षांच्या मुलाला बातम्या व मालिका यांतला फरक बाहेरच्या खुणांवरून बऱ्यापैकी ओळखता येतो. व्यंगचित्रे काढलेली असतात हेही त्याला ठाऊक असते. परंतु पडद्यावरचा पोलीस काम संपल्यावर वर्दी उतरवून घरी जातो आणि घरी तो पोलीस नसतो, हे त्याला सहजासहजी पटत नाही. पटावे तरी कसे? त्याने त्याला वर्दी उतरवताना कधी पाहिलेलेच नसते.

इथे गावातल्या नाटकाचा मोठेपणा लक्षात येतो. प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामात तरुण मंडळी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य बसवतात. एका वर्षी शिपायाची भूमिका करणाऱ्या तरुणाने आसूड असा काही ओढला, की पहिल्या रांगेतली त्याचीच पुतणी हंबरडा फोडून रडू लागली. नाट्य संपल्यावर त्या तरुणाने पत्र्याचे शिरस्त्राण काढून तिच्या डोक्यावर ठेवले. आसूड सुतळीचा होता, तो तिच्या हाती दिला. सोमवारी तोच काका भाजीच्या टेम्पोजवळ उभा राहून तिला हाक मारत होता. त्या मुलीला अभिनय म्हणजे काय, यावर कुणी व्याख्यान दिले नाही. तिने ते शिरस्त्राण हातात धरले होते. दूरचित्रवाणीवरचा शिपाई मुलाच्या हाती शिरस्त्राण कधीच देत नाही, हीच अडचण आहे.

या अडचणीची गंभीर बाजू आपल्या देशाने 'शक्तिमान'च्या काळात अनुभवली. ही मालिका दूरदर्शनवर १९९७ साली सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. त्याआधी 'महाभारत'मध्ये भीष्म झालेले मुकेश खन्ना तिचे नायक होते. गरगर फिरत आकाशात झेपावणारा तो लाल वेषातील वीर पाहण्यासाठी मुले अक्षरशः धावत घरी जात. धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारी लांबला तर मागच्या बाकांवर कशी चुळबुळ सुरू होई, हे आमच्या पिढीच्या सर्वच धर्मगुरूंना आठवत असेल. मग वृत्तपत्रांत बातम्या येऊ लागल्या, की शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुले स्वतःला इजा करून घेत आहेत. मालिकेवर मोठी टीका झाली आणि या कसरतींचे अनुकरण करू नका असे मुलांना पडद्यावरून बजावावे लागले.

त्या मालिकेच्या शेवटी शक्तिमान मुलांशी थेट बोलत असे आणि त्यांना चांगल्या सवयींच्या चार गोष्टी सांगत असे. उपदेश चांगलाच होता. पण बालमनाच्या दृष्टीने पाहा: कथा संपली, तरी कथेतला वीर उरलाच! तोच पोशाख, तोच आवाज, आणि आता तर तो 'माझ्याशी' बोलतो आहे. ओसरीवरचा माणूस उंबरठा ओलांडून माजघरात आला. अशा वेळी आई जरी म्हणाली, 'अरे, तो नट आहे', तरी मुलाला प्रश्न पडणारच, की मग मला दात घासायला कोण सांगत होते?

यातून आणखी एक गोष्ट आपण शिकली पाहिजे. मुलाला एखादे सत्य ठाऊक असणे आणि ऐनवेळी ते त्याच्या कामी येणे, ही दोन निरनिराळी सामर्थ्ये आहेत. शांतपणे विचारले तर सात वर्षांचा मुलगा सांगेल, की माणूस उडू शकत नाही. परंतु चार मित्र खाली उभे राहून ओरडत असताना, पाठीला आईची ओढणी बांधलेली असताना, ते ज्ञान मनाच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसते कोण जाणे. म्हणून 'त्याला कळतं सगळं' असे म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे.

अमेरिकेत लहान मुलांच्या कार्यक्रमांत आयुष्य वेचलेल्या फ्रेड रॉजर्स यांना हे नेमके उमगले होते. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षित पाळक होते, पण त्यांनी व्यासपीठ निवडले ते दूरचित्रवाणीचे. त्यांच्या कार्यक्रमात त्यांचे घर आणि कल्पनेचे गाव ही दोन स्थळे काळजीपूर्वक वेगळी ठेवलेली असत. कल्पनेच्या गावाला जायचे तर एक छोटी ट्राम येई, आणि परत येताना पुन्हा तीच ट्राम. हा त्यांनी बांधलेला उंबरठाच होता. त्या काळी 'इन्क्रेडिबल हल्क' ही मालिका तिकडे गाजत होती. तीत एक सौम्य डॉक्टर संतापला की हिरव्या राक्षसी देहाचा होई, आणि त्या रूपांतराने लहान मुलांची घाबरगुंडी उडे. १९८० साली रॉजर्स यांनी आपल्या छोट्या प्रेक्षकांना त्या मालिकेच्या चित्रीकरणस्थळी नेले, लू फेरिग्नो या नटाच्या अंगाला हिरवा रंग कसा लावतात ते दाखवले आणि त्याच्याशी गप्पा मारल्या. आमच्या त्या तरुणाने पुतणीच्या डोक्यावर शिरस्त्राण ठेवले, तेच हे काम!

याच्या उलट प्रसंग 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमात घडला. त्यात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली हे नट डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांना दुसरा नट आणता आला असता; हूपर परगावी गेले असे सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसे केले नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये दाखवलेल्या भागात, कार्यक्रमातील भल्यामोठ्या पिवळ्या पक्ष्याला त्याच्या मित्रांनी हळुवारपणे सांगितले, की मिस्टर हूपर वारले आहेत आणि ते परत येणार नाहीत. पक्षी कापडाचा, दुकान लाकडी फळ्यांचे, पण दुःख खरे होते आणि ते मुलांपासून लपवले गेले नाही. कल्पितातूनही सत्य सांगता येते, एवढेच नव्हे तर कधी कधी ते कल्पितातूनच सांगता येते.

दहाबारा वर्षांची मुले या पायऱ्या ओलांडून गेलेली असतात. नट, दिग्दर्शक, कॅमेरा हे शब्द त्यांच्या तोंडी असतात. त्यांचा प्रश्न बहुधा ती मोठ्याने विचारतच नाहीत: लोक खरोखर असे जगतात का? मालिकेतील स्वयंपाकघर आपल्या संपूर्ण घराएवढे का? तिथली आई झोपेतून उठते तेव्हाही तिच्या गळ्यात दागिने कसे? राक्षस खोटा हे मुलाला सहज कळते. राहणीमान खोटे आहे हे कळायला फार वेळ लागतो, कारण त्यात उडणारे कुणीच नसते. आईवडिलांविषयीची जी अकारण नाराजी या वयात घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ अनेकदा इथे असते.

आता मुलांना हसण्यापूर्वी आपण मोठ्यांनी आपल्याकडे पाहावे हे बरे. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झाले. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. कित्येक घरी स्नान करून, संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत. आमच्या हिंदू बांधवांचा तो भाव श्रीरामाच्या चरणी होता, त्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु पुढे १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून निवडून आले. १९९६ मध्ये श्रीकृष्ण साकारलेले नितीश भारद्वाज जमशेदपूरमधून, आणि २०२४ मध्ये श्रीराम साकारलेले अरुण गोविल मेरठमधून. त्या पोशाखाचा या मतांमध्ये काहीच वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

आणि आपण ख्रिस्ती? फ्रँको झेफिरेली यांनी १९७७ साली 'जीझस ऑफ नाझरेथ' ही चित्रमालिका केली. तिच्यात प्रभूची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट पॉवेल या इंग्रज नटाचे छायाचित्र पुढे जगभर भाविकांच्या घरांत पवित्र चित्र म्हणून लागले. आपल्याही काही घरांत ते आहे. ते निळे डोळे येशूचे नव्हेत, पॉवेल यांचे आहेत, हे सांगितले तर घरातली म्हातारी माणसे आमच्याकडे रागाने पाहतात. प्रार्थना मात्र पॉवेल यांना उद्देशून झालेली नसते, ती जिथे पोहोचायची तिथे पोहोचते, अशी आमची श्रद्धा आहे. सांगायचा मुद्दा हा, की चित्र आणि चित्रित यांतली रेषा पुसट होणे हा केवळ बालपणाचा दोष नव्हे.

हाच विषय आमच्या वर्गात एके दिवशी उभा राहिला. दावीद व गल्याथ यांची कथा सांगून झाली होती. एका नऊ वर्षांच्या मुलाने हात वर केला. ''फादर, दावीदाने गल्याथाला मारलं ते खरं. मग छोटा भीमने राक्षसाला मारलं ते खोटं का?''

वर्ग हसला. आम्हांला हसू आले नाही, कारण प्रश्न रास्त होता. त्याच्या दृष्टीने दोन्हींकडे एक लहान मुलगा, एक आडदांड शत्रू आणि मुलाचा विजय. शिवाय दावीदाचीही व्यंगचित्रे निघालेली आहेत आणि तीही त्याने त्याच काचेवर पाहिली आहेत. २०१४ साली कॅथलीन कॉरिव्हो, इव्हा चेन व पॉल हॅरिस या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले, की चर्चला जाणारी किंवा धार्मिक शाळेत शिकणारी पाचसहा वर्षांची मुले, तशा संस्कारात न वाढलेल्या मुलांच्या तुलनेत, अद्भुत कथांतील कल्पित पात्रांनाही खरी मानण्याकडे अधिक झुकतात. हा निष्कर्ष आपल्याला आवडो वा न आवडो, त्याकडे पाठ फिरवणे प्रामाणिकपणाचे नाही. ज्या मुलाला आपण समुद्र दुभंगल्याचे सांगतो, त्याला जादूची कांडी अशक्य का वाटावी? म्हणूनच श्रद्धेच्या घरात वाढणाऱ्या मुलाला हा भेद शिकवण्याची जबाबदारी इतरांहून आपल्यावर अधिक आहे.

त्या मुलाला आम्ही विचारले, ''जंतू असतात हे तुला कुणी सांगितलं? तू पाहिलेस का?'' तो म्हणाला, ''नाही. पण आई हात धुवायला लावते.'' हेच ते उत्तर. पॉल हॅरिस यांनीच दाखवून दिले आहे, की मुलांनी जंतू कधी पाहिलेले नसतात, तरी ते असतात याविषयी त्यांना पक्की खात्री असते. ही खात्री त्यांना भोवतालच्या माणसांच्या बोलण्यातून मिळते, आणि वागण्यातूनही मिळते असे आम्हांला वाटते. छोटा भीमने लाडू खाल्ला म्हणून घरातले कुणी स्वतः बळकट व्हायला लाडू खात नाही. जे खरे मानले जाते त्याप्रमाणे घरातली माणसे वागतात. हे आम्ही त्याला सांगितले. आणि हेही सांगितले, की छोटा भीम 'खोटा' नाही. तो रचलेला आहे. फसवण्यासाठी सांगितलेले ते खोटे. दोघांच्या संमतीने रचलेली ती गोष्ट. प्रभूने चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला सांगितला, तेव्हा कुणी त्या माणसाचे गाव-नाव विचारीत बसले नाही. तो दाखला रचलेला होता आणि त्यातले सांगणे खरे होते. 'सगळं खोटं असतं' असे म्हणून आपण मुलाच्या हातून नेमका हाच दरवाजा बंद करतो.

आज हे सर्व अधिक कठीण झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी निदान कार्यक्रमाला नाव होते, ठरलेली वेळ होती, सुरुवातीचे संगीत होते, निवेदिका होती. भ्रमणध्वनीवर चित्रफितीमागून चित्रफीत येते आणि मूल एकटेच, कानांत बोंडे घालून, ती बघते. कोणती कुणी घडवली, कोणती घडली, हे सांगणारा उंबरठा कुठेच नाही. त्यात आता यंत्राने रचलेल्या चित्रांची भर पडली आहे. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील चित्र जगभर फिरले. शिकल्यासवरल्या माणसांनीही ते खरे मानले. ते संगणकाने रचलेले होते. दिवंगत पोप महोदयांनी २०२४ च्या संज्ञापन दिनाच्या संदेशात अशा बनावट चित्रांविषयी सावध केले आणि आपणही त्यांचा विषय झालो होतो, याचा उल्लेख केला.

पालकहो, यावर उपाय फार अवघड नाहीत. त्यांना पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो. मुलासोबत बसा. त्याने 'खरं आहे का?' असे विचारले, की उत्तर देण्यापूर्वी त्याला नेमके काय हवे आहे हे त्यालाच विचारा. 'हे लोक नाटक करताहेत', 'हे खरंच घडलं, पण फार दूर', 'हे वस्तू विकण्यासाठी सांगताहेत', 'ही रचलेली गोष्ट आहे, पण यातली मैत्री खरी आहे', अशी चार निरनिराळी उत्तरे घरात रुळू द्या. बातमीत तीच पडणारी इमारत दहा वेळा दाखवली, तर ती एकदाच पडली हे लहान मुलाला सांगावे लागते. त्याला ती दहा वेळा पडताना दिसते. आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या हाती भ्रमणध्वनी देऊन त्यांनाच एक चित्रफीत करू द्या. चित्रण थांबवायचे, भावाला बाजूला करायचे, पुन्हा सुरू करायचे, की भाऊ अदृश्य! ज्या मुलाने स्वतःच्या हाताने भावाला असे नाहीसे केले, त्याला आकाशात उडणाऱ्यामागची तार आपोआप दिसू लागते, आणि तरीही गोष्टीची गोडी कमी होत नाही.

मूल जेव्हा विचारते, तेव्हा त्याची नजर कुठे असते हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. पडद्यावरून ती निघते आणि आपल्या चेहऱ्यावर येऊन थांबते. काही क्षणच थांबते. त्या क्षणी आपला चेहरा दुसऱ्या एखाद्या काचेत बुडालेला नसावा, एवढीच आमची सर्व आईबापांना कळकळीची विनंती आहे.